इंडियाफॉस २०२४, बंगळूर: मराठीसाठी कोण जातंय आणि काय घेऊन जातंय?

वेलांटी, पुणे | ९ जून २०२४

मंडळी, यंदाची इंडियाफॉस ७ आणि ८ सप्टेंबरला बंगळूरला आहे, होसूर रोडवरच्या निम्हान्स कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. फॉस युनायटेड या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेची ही परिषद. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे, सांभाळणारे आणि वापरणारे देशभरातून तिथे येतात. कालनिर्णय काढून बघितलंत तर लगेच लक्षात येईल की ७ ला गणेश चतुर्थी आहे. ६ ला हरतालिका, ८ ला ऋषिपंचमी. त्यामुळे “बघू, ऑगस्टमध्ये ठरवू” हे यंदा चालणार नाही. रेल्वेचं आरक्षण यंदा (२०२४) १२० दिवस आधी उघडलं, म्हणजे त्या आठवड्याच्या गाड्या मे महिन्यातच उघडल्या. गणपतीच्या दिवसांत तिकिटांचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मला आधी एवढंच कळायला हवंय: प्रत्यक्ष कोण येऊ शकतं, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्यापैकी कोण घरून काम उचलेल.

थोडं मनातलं सांगते. पुण्यात २०११ च्या नोव्हेंबरात सीओईपीत फेडोरा या लिनक्स प्रणालीची परिषद, फडकॉन, झाली, २०१५ च्या जूनमध्ये एमआयटीत पुन्हा झाली. गेल्या सप्टेंबरात डेबियन या लिनक्स प्रणालीची डेबकॉन पहिल्यांदा भारतात आली, कोचीला. आपली माणसं अशा परिषदांना जातात, पण एकेकटी जातात. भाषणं ऐकतात, फोटो काढतात, टी-शर्ट घेऊन परत येतात. मराठीच्या ज्या अडचणींवर आपण इथे वर्षानुवर्षं बोलतो त्या सोडवू शकणारी माणसं त्याच हॉलमध्ये चहा पीत असतात आणि आपण त्यांच्याशी बोलत नाही. यंदा ठरवून, तयारी करून जाऊ या.

तांबडी_माती, कुडाळ | ९ जून

ताई, मी नाही येऊ शकत. आमच्याकडे गौरी-गणपती असतात, १२ तारखेच्या विसर्जनापर्यंत घर सोडायचा प्रश्नच नाही. मुंबईहून सगळी भावकी येते. कोकणातल्या कुणालाही विचारलंत तर हेच उत्तर मिळेल. आयोजकांना तारीख बदलायची विनंती करता येईल का? मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही, मला मनापासून यायचं होतं.

बंगळूरस्थ | ९ जून

तारीख बदलणं आता अवघड वाटतं. एवढ्या माणसांचा हॉल, वक्त्यांची तिकिटं, हे सगळं एकदा ठरलं की हलत नाही. आणि हा फक्त आपला प्रश्न नाही. इथे कर्नाटकात आदल्या दिवशी गौरीचा सण आणि मग गणेश, दोन्ही घरोघरी असतात. म्हणजे स्थानिक स्वयंसेवकही आपल्यासारखेच अडकलेत. पुढच्या वर्षासाठी सगळ्यांनी मिळून एक साधं, सभ्य पत्र पाठवू: तारीख ठरवताना चतुर्थी, ओणम, दुर्गापूजा पंचांगात बघून घ्या. माझ्या ओळखीतले कन्नड आणि मल्याळी कार्यकर्ते त्यावर नक्की सही करतील.

जयनगरला माझ्याकडे दोघांची राहायची सोय होईल. घरात गणपती आहे, म्हणून सकाळची पूजा आटोपून मी साधारण ११ पर्यंत हॉलवर पोचेन. रात्री जेवायला घरीच या, उकडीचे मोदक असतील.

मिरजकर | १० जून

माझा हिशोब असा. ७ ला सकाळी घरी प्रतिष्ठापना, आरती, नैवेद्य. दुपारी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सुटते, ती ८ ला सकाळी बंगळूरला पोचते. म्हणजे रविवारचा अख्खा दिवस मिळतो. रात्री तीच गाडी परत पकडायची, सोमवारी दुपारपर्यंत घरी. गौरी १० ला येतात, त्यामुळे घरच्यांचीही हरकत नाही. आमचा दीड दिवसाचा गणपती धाकटा भाऊ विसर्जन करेल, त्याच्याशी बोललोय.

सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागातल्या कुणाला शनिवारी घर सोडता येत नसेल तर हा मार्ग बघा.

वेलांटी, पुणे | १० जून

वा, हे उत्तम झालं. म्हणजे शनिवारी मी आणि बंगळूरस्थ, रविवारी तिघं. मी गुरुवारी ५ तारखेच्या उद्यान एक्स्प्रेसने निघतेय. शुक्रवारी सकाळी पोचून तयारीला एक दिवस हाताशी राहील. हरतालिकेचा उपास गाडीत आणि बंगळूरला होईल, त्याला काही हरकत नाही.

आता मुख्य प्रश्न. काय घेऊन जायचं?

रफार, मुंबई | ११ जून

मी याची वाटच बघत होतो, थोडं सविस्तर लिहितो.

“मराठीला मुक्त सॉफ्टवेअरमध्ये न्याय मिळत नाही” हे वाक्य घेऊन जाऊ नका. ते ऐकणारा माणूस सहानुभूतीने मान डोलावेल आणि पुढच्या टेबलाकडे जाईल, कारण त्याच्या हातात करण्यासारखं काहीच दिलेलं नाही. जो माणूस एखादा फाँट, एखादं शोध-यंत्र किंवा एखादी डेटाबेसची लायब्ररी सांभाळतो त्याला बहुधा देवनागरी वाचता येत नाही. त्याला दोन ओळी दाखवायच्या: या दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात आणि तुझा प्रोग्रॅम त्यांना वेगळं समजतो. ते त्याला भाषा न येता कळतं.

उदाहरण देतो. ‘दऱ्या’ हा शब्द आपण दोन प्रकारे साठवतो. एक: ऱ (युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं प्रमाण, त्यात क्रमांक ०९३१), मग हलन्त, मग य. दुसरा: साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह, आणि मग य. पहिला प्रकार युनिकोडने शिफारस केलेला, दुसरा जुन्या काळापासून चालत आलेला आणि त्यांनीही मान्य केलेला. पडद्यावर दोन्हीकडे तोच डोळ्यांच्या पापणीसारखा र दिसतो. पण ‘दऱ्या’ शोधायला गेलात आणि लेखकाने ‘दर्‍या’ टंकलं असेल, तर अक्षर-संकेतांची सरळ तुलना करणाऱ्या शोधात तो लेख सापडत नाही. युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरणही या दोघांना एक करत नाही. काही प्रोग्रॅम तुलनेचे सैल नियम वापरतात, तिथे सापडतं. कुठे सापडतं आणि कुठे नाही, याचा एका पानाचा तक्ता आपल्याकडे आजवर नाही. तो हवा.

‘ॲप’चंही तसंच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोड ५.१ मध्ये, म्हणजे २००८ साली आलं. त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेला आहे, आणि कित्येक कळफलक ऍ देतात. तीन रूपं, आणि वाचणाऱ्याच्या लेखी शब्द एकच.

तिसरी गोष्ट ल आणि श यांची. मराठी वळणाचा ल आणि श अनेक चांगल्या मुक्त फाँटांमध्ये आधीपासून आहे, पण तो तेव्हाच उमटतो जेव्हा मजकुराची भाषा मराठी आहे असं प्रोग्रॅम फाँटला सांगतो. वेबपानावर भाषेची खूण मराठीऐवजी हिंदी किंवा इंग्रजी असेल तर हिंदी वळण येतं. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-संचात संमिश्र लिपीची (म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची) भाषा हिंदी राहिली असेल तरी तेच. इथे फाँट करणाऱ्याचा दोष नाही. दोष संकेतस्थळं आणि ॲपं बनवणाऱ्यांकडे आहे, आणि इंडियाफॉसला नेमकी तीच मंडळी येतात. दोन मिनिटांत दुरुस्त होणारी गोष्ट आहे ही. म्हणून मला ती सगळ्यात आधी दाखवायची आहे.

माझा प्रस्ताव: एक चाचणी पान बनवू. प्रत्येक अडचणीला एक ओळ, शेजारी अपेक्षित चित्र, खाली अक्षर-संकेत. मजकूर आपण स्वतः लिहायचा आणि सीसी-शून्य या कुठलीही अट न घालणाऱ्या परवान्याखाली सोडायचा, म्हणजे कुणालाही आपल्या प्रकल्पाच्या चाचण्यांत तो जसाच्या तसा घालता येईल.

खडू_फळा, सातारा जिल्हा | ११ जून

माझी एक ओळ त्या पानावर घ्याल का? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. हजेरीपट आडनावांच्या क्रमाने लावायचा असतो. काटकर, काशीद, कासार, काळे असा क्रम मुलांना शिकवलेल्या वर्णमालेप्रमाणे येतो, कारण ळ हा ह च्या पुढे आहे. संगणकावर क्रम लावला की काळे वर सरकतात आणि काशीद खाली जातात. मुलं विचारतात, “गुरुजी, तक्त्यात तर ळ शेवटी आहे.” त्यांना काय सांगू? शासनाच्या याद्या, ग्रंथालयाच्या सूची, सगळीकडे हेच होतं.

रफार, मुंबई | ११ जून

गुरुजी, ही ओळ पहिल्या तीनांत घालतो. कारण असं की युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर बसवलाय आणि कुणी वेगळं सांगितलं नाही तर संगणक तोच क्रम धरतो. उपाय मात्र तयार आहे. सीएलडीआर या सामायिक माहितीसंचात मराठीचा वेगळा क्रम लिहिलेला आहे, ह च्या पुढे ळ, मग क्ष, मग ज्ञ. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या लायब्ररीचे, म्हणजे सीएलडीआरवर बेतलेले, क्रम वापरता येतात, त्यात मराठी आहे. लिबरऑफिस कॅल्कमध्येही क्रम लावताना पर्यायांत भाषा निवडता येते, तुम्ही आज करून बघा आणि काय आलं ते इथे कळवा. सोय आहे, पण ती वापरायची असते हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

खडू_फळा, सातारा जिल्हा | १३ जून

करून बघितलं. भाषा मराठी निवडल्यावर काळे शेवटी आले. शाळेतल्या दोन्ही संगणकांवर तसं करून ठेवलंय. केंद्रशाळेच्या शिक्षकांच्या गटावरही कृती लिहून पाठवली.

दूरदेशी, नेदरलँड्स | १५ जून

इथून बंगळूरला येणं शक्य नाही, पण ब्रुसेल्सच्या फॉसडेमला, मुक्त सॉफ्टवेअरच्या मोठ्या परिषदेला, मी स्वयंसेवक म्हणून जातो, त्यावरून काही सांगतो.

फॉसडेम दर वर्षी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथल्या यूएलबी विद्यापीठाच्या सोलबॉश परिसरात भरते. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, कुणीही आत यावं. एकेका विषयाची खोली त्या त्या समुदायाकडे सोपवलेली असते, वक्ते तोच निवडतो. खोली भरली की दार बंद होतं आणि मग कुणालाही आत सोडत नाहीत. दारावर उभं राहून हे सांगणं हे स्वयंसेवकाचं एक काम. मुद्दा असा की सगळ्यात महत्त्वाची बोलणी खोलीच्या बाहेर, मार्गिकेतल्या टेबलांपाशी होतात. ज्यांच्याकडे दाखवायला काहीतरी सुरू केलेलं असतं, त्यांच्याभोवती लोक थांबतात. मोठा फलक लावलेला आणि टेबलावर नुसती पत्रकं, अशा ठिकाणी थांबत नाहीत.

म्हणून चाचणी पान छापून नेऊ नका, चालू ठेवा. एका लॅपटॉपवर फायरफॉक्स आणि क्रोमियम हे दोन ब्राउझर शेजारी शेजारी, दुसऱ्यावर लिबरऑफिस, आणि एक साधा अँड्रॉइड फोन. समोरच्याला म्हणायचं, तुमच्या ॲपमध्ये हे चिकटवून बघा. त्याने स्वतःच्या हाताने चिकटवलं आणि तुटलेलं बघितलं की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

आणखी एक सांगतो. आधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या. नोंदणीच्या टेबलावर, सभागृहात, ध्वनी-चित्रफितीच्या चमूत, जिथे लागेल तिथे. ज्याने सकाळी खुर्च्या लावायला मदत केली त्याचं म्हणणं संध्याकाळी लोक निवांत ऐकतात.

वेलांटी, पुणे | १६ जून

मनापासून आभार. टेबलासाठी आयोजकांकडे विचारणा केली आहे, उत्तर आलं की कळवते. टेबल मिळालं नाही तरी दोन लॅपटॉप घेऊन बाकावर बसता येतं, त्यामुळे तयारी थांबवायची नाही.

भाषणाचा प्रस्तावही पाठवू या. मसुदा लिहिलाय, बघा:

“एकच शब्द, तीन संकेत: भारतीय भाषांतला शोध का हुकतो. मराठीतली पापणीचा र, ॲ आणि ळ ही तीन उदाहरणं घेऊन, साठवण, शोध आणि क्रम या तिन्ही ठिकाणी नेमकं काय घडतं ते प्रत्यक्ष दाखवलं जाईल. ऐकणाऱ्याला देवनागरी वाचता यायची गरज नाही. शेवटी आपापल्या प्रकल्पात घालता येतील अशा चाचण्या दिल्या जातील.”

अकोलेकर | १७ जून

ताई, मला हे पटलं नाही, स्पष्ट बोलतो. एवढ्या मोठ्या मंचावर मराठीबद्दल बोलायची संधी आणि आपण र च्या पापणीवर वीस मिनिटं घालवणार? आमच्याकडे कॉलेजातल्या पोरांना फायरफॉक्स मराठीत आहे हेच माहीत नाही. लिबरऑफिस मराठीत चालतं हे तालुक्याच्या संगणक केंद्रात कुणाला ठाऊक नाही. भाषांतराला माणसं मिळत नाहीत, आहेत ती थकली. त्याबद्दल बोला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सुरू आहे, एवढी वर्षं मूठभर माणसं ती ओढतात, त्यांच्याबद्दल बोला. ही माणसं नसती तर आपण आज काय घेऊन जाणार होतो?

रफार, मुंबई | १७ जून

भाऊ, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पण तो मुद्दा बंगळूरच्या हॉलपेक्षा अकोल्याच्या कॉलेजात जास्त कामाचा आहे. भाषांतराला माणसं तिथे मिळतील. बंगळूरच्या हॉलमध्ये बसलेला माणूस मराठी भाषांतर करू शकत नाही, कारण बहुधा त्याला मराठी येत नाही. तो शोधाचा कोड दुरुस्त करू शकतो. ज्याच्या हातात जे आहे ते त्याच्याकडे मागू या.

शिवाय पापणीचा र आपला एकट्याचा नाही. नेपाळीत ‘गर्‍यो’सारखी क्रियापदं पावलोपावली येतात, तिथे तो आपल्यापेक्षा जास्त लागतो. कोड एकदा दुरुस्त झाला तर दोन्ही भाषांचं काम होतं.

अकोलेकर | १८ जून

बरोबर आहे, मान्य करतो. मग माझ्याकडे हे काम द्या: ऑगस्टमध्ये आमच्या कॉलेजात एक दिवसाचं शिबिर घेतो. फायरफॉक्सचं भाषांतर पोंटून या संकेतस्थळावर, लिबरऑफिसचं वेबलेटवर, दोन्ही ब्राउझरमध्येच होतं, काही बसवावं लागत नाही. तुम्ही बंगळूरला जायच्या आत इथे किमान काही नवी माणसं उभी करतो. पण भाषणाच्या शेवटी एक पान भाषांतर करणाऱ्यांसाठी ठेवा, एवढं ऐका.

वेलांटी, पुणे | १८ जून

ठेवते, शब्द दिला. आणि शिबिराला पुण्याहून आम्ही दोघी ऑनलाइन येऊ, शंकांसाठी.

बंगळूरस्थ | २२ जून

काल इथल्या कन्नड आणि मल्याळी मित्रांना मसुदा दाखवला. त्यांचं म्हणणं ऐका, आपल्याला फार उपयोगी आहे.

मल्याळमला हा अनुभव आपल्या आधी आलाय. त्यांची चिल्लू अक्षरं, म्हणजे स्वर न लागलेल्या व्यंजनांची खास रूपं, पूर्वी झेडडब्ल्यूजे वापरून लिहायचे, नंतर त्याच युनिकोड ५.१ मध्ये स्वतंत्र अक्षरं आली, आणि एकाच शब्दाची दोन रूपं वेबवर राहिली. त्यावर बरीच वादावादी झाली, ‘स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग’ या स्वयंसेवी गटाच्या मंडळींनी वर्षानुवर्षं त्यावर काम केलं. कन्नडमध्येही रेफ टाळून पूर्ण र दाखवायचा असेल तर तेच जोडचिन्ह लागतं. म्हणजे ज्या प्रोग्रॅमने ते अदृश्य चिन्ह गाळून टाकलं तो तीन भाषा एकदम बिघडवतो, आणि ज्याने शोधताना त्याकडे दुर्लक्ष करायला हवं होतं पण केलं नाही, तोही.

त्यांनी सुचवलंय की चाचणी पान एकत्र करू. आपल्या ओळी आपण लिहायच्या, त्यांच्या त्यांनी. मला हे मनापासून आवडलं. एका भाषेचा बग मागे पडू शकतो, तीन भाषांनी मिळून नोंदवलेला बाजूला सारणं कठीण.

मिरजकर | २२ जून

जोरदार अनुमोदन. आमच्या भागात अर्ध्या घरांत दोन्ही भाषा बोलतात, त्यामुळे मराठी-कन्नड मिश्र मजकुराची एक ओळ मी लिहितो. एकाच परिच्छेदात दोन लिप्या आल्या की ओळीची उंची कशी बिघडते ते रोज बघतो.

नवशिकी, नांदेड | २५ जून

नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हा धागा दोनदा वाचला. कोड फारसा येत नाही, पॅच (कोडमधली दुरुस्ती) कधी पाठवला नाही. पण नांदेडहून बंगळूरला थेट गाडी आहे आणि आईची परवानगी मिळाली आहे. माझा काही उपयोग होईल का, की उगाच गर्दी होईल?

वेलांटी, पुणे | २५ जून

अगं, अवश्य ये. तुझ्यासाठी काम आहे आणि ते किरकोळ नाही. आमच्यापैकी एकजण समोरच्याशी बोलत असताना दुसऱ्याने टिपण घ्यायला हवं: कोणता प्रोग्रॅम, कोणती आवृत्ती, कोणता फाँट, काय अपेक्षित होतं, काय दिसलं, स्क्रीनशॉट, आणि कुणी काय म्हटलं. हे तिथल्या तिथे लिहिलं नाही तर घरी येईपर्यंत सगळं एकमेकांत मिसळतं आणि बग कधीच नोंदवला जात नाही. नीट लिहिलेली नोंद हेच योगदान आहे, त्याला कोड यावा लागत नाही. एक-दोन बग आत्ताच, जायच्या आधी नोंदवून बघ, मी सोबत बसते. तू माझ्याबरोबर बंगळूरस्थांकडेच उतर, वहिनींशी बोलून घेतलंय.

तिकिटाचं म्हणशील तर इथल्या नोकरदार मंडळींनी मिळून विद्यार्थ्यांचा प्रवास आणि प्रवेश यांचा खर्च वाटून घ्यावा असं मला वाटतं. जमेल त्यांनी मला खासगीत कळवा, नावं आणि रकमा धाग्यावर नकोत.

दूरदेशी, नेदरलँड्स | २५ जून

नांदेडच्या तिकिटाचा खर्च माझ्याकडे.

रफार, मुंबई | २६ जून

मीही वाटा उचलतो. उरलेल्यात दोन्ही लॅपटॉपसाठी एक लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड घ्या. परिषदांमध्ये प्लगपॉइंट नेहमी लांब असतो.

तांबडी_माती, कुडाळ | ३० जून

घरी राहणाऱ्यांसाठी एक विचार मनात आलाय. मोझिलाचं कॉमन व्हॉइस आहे ना, जिथे आपण पडद्यावरची वाक्यं वाचून आवाज देतो आणि दुसरे ते ऐकून तपासतात? मराठी त्यात आहे, आणि जमलेला आवाज सीसी-शून्य परवान्याने सगळ्यांना खुला होतो. गणपतीत आमच्या घरी आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे असतात. मालवणी वळणाचे आवाज, म्हाताऱ्या बायकांचे आवाज, जे अशा संग्रहात सहसा येत नाहीत. मांडवातच एक कोपरा केला तर?

खडू_फळा, सातारा जिल्हा | ३० जून

कल्पना छान, पण मांडवात नको. भोंगे, आरत्या, टाळ, मुलांचा गलका; असलं ध्वनिमुद्रण तपासणारे नाकारतील आणि आजींची मेहनत वाया जाईल. दुपारी जेवणं झाल्यावर माजघरात, पंखा बंद करून. आणि प्रत्येकाला आधी सांगा की हा आवाज कायमचा सार्वजनिक होतो, नाव लागत नाही पण आवाज राहतो. ज्यांना नको त्यांना आग्रह करू नका. मुलांचा आवाज आई-वडिलांनी समजून होकार दिल्याशिवाय घ्यायचाच नाही.

तांबडी_माती, कुडाळ | १ जुलै

पटलं. तसंच करते. आजीला वाचायला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून वाक्यं मोठ्या पडद्यावर दाखवीन. आणि ७ ला रात्री आरतीनंतर मी ऑनलाइन असेन. दिवसभराची टिपणं पाठवा, त्याच रात्री बग नोंदवून ठेवते, म्हणजे रविवारी सकाळी तुम्हाला समोरच्याला बगचा दुवाच दाखवता येईल.

वेलांटी, पुणे | १ जुलै

ही सगळ्यात मोठी मदत आहे. शनिवारी तिकडे, रात्री कुडाळला, रविवारी परत तिकडे.

अकोलेकर | ११ ऑगस्ट

शिबिर झालं. पाऊस जोराचा होता, तरी वर्ग भरला. सुरुवातीला पोरं म्हणत होती मराठीतला मेनू कळत नाही. मग त्यांनाच म्हटलं, तुम्हाला कळेल असा शब्द सुचवा. तिथून चर्चा अशी रंगली की जेवणाची सुट्टी पुढे ढकलावी लागली. त्यातले काहीजण अजून वेबलेटवर टिकून आहेत, रोज थोडं थोडं करतात. शब्दलेखन तपासणीवरही बोलणं निघालं. ‘शाळेपासूनच्या’, ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ असे बरोबर शब्द लाल होतात, कारण एकावर एक प्रत्यय लागतात आणि शब्दसूचीत ते सगळे मावत नाहीत. एका पोरीने अशा शब्दांची यादी करायला घेतलीय. चाचणी पानावर तिला जागा द्या.

रफार, मुंबई | १२ ऑगस्ट

दिली. यादी आली की हनस्पेल या शब्दलेखन-तपासनिसाच्या प्रत्यय-नियमांशी ताडून बघतो. तिला सांगा, प्रत्येक शब्दाशेजारी मूळ शब्द आणि लागलेले प्रत्यय वेगळे लिही. तेवढ्याने नियम लिहिणाऱ्याचं निम्मं काम होतं.

वेलांटी, पुणे | १८ ऑगस्ट

आजची स्थिती. भाषणाचा प्रस्ताव आणि टेबलाची विचारणा, दोन्हींचा निकाल आला की लगेच इथे टाकते. स्वयंसेवक म्हणून मी आणि नवशिकीने नाव दिलंय. चाचणी पानावर मराठीच्या ओळी झाल्या, कन्नडच्या झाल्या, मल्याळमच्या येताहेत. रविवारचं टेबल किंवा बाक मिरजकरांकडे, कारण तोवर आम्हा दोघींचा आवाज बसलेला असेल. पत्राचा मसुदा बंगळूरस्थ लिहिताहेत, तो परिषद संपल्यावरच द्यायचा. आधी काम, मग विनंती.

एक गोष्ट अजून अपुरी आहे. चाचणी पान आम्ही फक्त नव्या फोनांवर बघितलंय. गावाकडे घरात चार-पाच वर्षांचे फोन असतात आणि खरी मोडतोड तिथेच दिसते. ज्यांच्याकडे जुना अँड्रॉइड फोन आहे त्यांनी या आठवड्यात पान उघडून स्क्रीनशॉट पाठवा. सोबत फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती लिहा.

खडू_फळा, सातारा जिल्हा | १८ ऑगस्ट

शाळेतल्या पालकांकडून गोळा करतो. उद्या रक्षाबंधनाची सुट्टी आहे, मंगळवारी संध्याकाळपर्यंत पाठवतो.

मिरजकर | १९ ऑगस्ट

आईचा जुना फोन उघडून बघितला. तिसऱ्या ओळीत पापणीच्या जागी र, हलन्त आणि मधे ठिपक्यांचं वर्तुळ दिसतंय. स्क्रीनशॉट आणि आवृत्ती खासगीत पाठवली आहे. बंगळूरला हा फोनच सोबत आणतो.